बुआलायची जाळी

खोटं वाटत असेल तर लाओसात चंपासकला जा आणि बुआलायला तोंडावर विचारा. शिव्या खाल, पण हकिगत हीच ऐकाल.

बुआलाय वात फूच्या डोंगरावरचं पडकं देऊळ पाहुण्यांना दाखवायची. नवरा सीफेंग त्यांच्या पिशव्या वाहायचा. गेल्या उन्हाळ्यात तो चाफ्याखालच्या उभ्या पायऱ्यांवरून घसरला.

साधं खरचटलंही नाही.

पण तेव्हापासून बोलणं बंद... अन्न बंद... नजर छताला.

"जीव तिथंच राहिलाय त्याचा," सासू म्हणाली. "जाळीत भरून आणायला हवा. उद्या गावातली म्हातारी माणसं घेऊन..."

"उद्यापर्यंत हा राहतोय का? माझा नवरा आहे, मीच आणते."

"एकट्या बाईनं जायचं नसतं गं!"

"नसतं तर नसतं!"

मासे उपसायची जाळी, उकडलेलं अंडं, चिकट भाताचा गोळा आणि नवऱ्याचा सदरा घेऊन ती तिन्हीसांजेला निघाली. पाहुणे केव्हाच उतरून गेले होते.

तो घसरला त्या पायरीवर भात-अंडं ठेवून, सदरा जाळीत टाकून तिनं ती हवेतच फिरवली. "चल रे घरी. सगळे वाट बघतायत."

जाळी हलकीच.

पुन्हा फिरवली...

हाताला ओझं लागलं! ती रडत-हसत उतरायला लागली.

तेवढ्यात रातकिडे गप्प झाले...

ओझं वाढत चाललं. खांदा निखळायची वेळ आली. जाळीत तर सदऱ्याशिवाय काही दिसेना. आणि मागून अनवाणी पावलं... एकाची नव्हेत.

त्या दगडांत अडकून राहिलेले सगळेच घरी यायला निघाले होते!

दुसरी कोणी असती तर जाळी टाकून पळाली असती. पण बाई खमकी. तिनं जाळीला हिसडा दिला. "मेल्यांनो, धर्मशाळा आहे का माझी? मी एकालाच न्यायला आलेय. बाकीचे उतरा!"

ओझं भराभर कमी झालं. एकाचंच उरलं.

घरी पोचताच सासूनं रीतीप्रमाणे आतून विचारलं, "आला का?"

"आला!"

सदरा अंगावर घातला तसा सीफेंग उठून बसला. पाणी प्याला. घरदार रडलं.

पण आंबवलेल्या मासळीशिवाय ज्याचा घास उतरत नसे, तो आता तिच्या वासानंच ताटावरून उठतो. देवळाकडे कधी ढुंकून न बघणारा हा गडी पडक्या भिंतीपाशी थांबतो आणि पाहुण्यांना सांगतो, इथं घंटा होती... इथं आम्ही निजायचो...

सासू त्याच्या हातचं पाणी घेत नाही. "बाकीच्यांबरोबर माझा पोरगा उतरला गं! हा कोण राहिला? सोडून ये त्याला."

"नाही सोडणार," बुआलाय ठणकावते. "मी ओढून आणलाय. कोणीही असो, आता माझा आहे."

रात्री मात्र ती अजून त्याच्याकडे पाठ करून झोपत नाही.