लाकडी पन्हळीतला गडगडाट

"माझ्या तोंडाकडे इतकं निरखून बघताय... मिशी एका बाजूला जास्त कापली गेलीय का?"

जुन्या ऑपेरा हाऊसची पडद्यामागची बाजू दाखवणाऱ्या तरुणाने असे विचारताच फेरीतल्या मंडळींत खसखस पिकली. समोर उभी असलेली ती मात्र गडबडली नाही.

"डावीकडे, किंचित. पण दुरून कळत नाही."

"म्हणून इतक्या जवळ उभ्या राहता होय?"

ती हसली. खरे कारण सांगण्यासारखे नव्हते. तिचे दोन्ही कान जात चालले होते. आधी बारीक, उंच स्वर गेले. आता माणसांचे बोलणेही निसटत चालले होते. आणि वर्ष सरेपर्यंत काही उरणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. गाण्याच्या या घराचा निरोप घ्यावा म्हणून ती आली होती. खेळाचे तिकीट काढण्याचा धीर झाला नाही. फेरीत निदान डोळ्यांना पुष्कळ असते.

निरोप घ्यायला आली, आणि दर रविवारी येत राहिली. दोरखंडांचे मचाण, विटलेले रेशमी झगे, कापडावर रंगवलेले डोंगर — सारे तिला पाठ झाले. फेरीनंतर उपाहारगृहात चहा होऊ लागला. तो मूळचा समूहगायक. वाटाड्याचे काम सुटीपुरते. बोलता बोलता तो गुणगुणायचा, ती त्याच्या ओठांवरून शब्द वेचायची. सांगून टाक, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे घरी ताई रोज बजावत होती. पण चहाच्या तेवढ्या वेळात ती कुणाच्या कीवेची धनीण नव्हती... एवढे सुख तिला सोडवेना.

त्या रविवारी माणसे पांगल्यावर त्याने तिला पुन्हा माळ्यावर नेले. तिथे वादळाच्या प्रवेशासाठी केलेली लांब लाकडी पन्हळ होती. तिच्यातून लोखंडी गोळे सोडले, की खाली प्रेक्षागृहात मेघ गडगडत. त्याने गोळे सोडले. फळ्यांतून तो गडगडाट तिच्या तळपायांत शिरला, आणि आनंदाने तिचे डोळे भरून आले. गोळे गोळा करायला तो वाकला, आणि पाठमोराच काहीतरी बोलला. लाल झालेली त्याची मान तेवढी तिला दिसली.

तो काय बोलला असेल, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण अंदाजावर होकार देणे तिला चोरीसारखे वाटले.

"इकडे वळून बोला. मला ऐकू येत नाही."

"पुन्हा वदवून घेताय?" तो वळून हसला.

मग तिने सगळे सांगितले. तो समोर आला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मग मी असाच बोलेन. जन्मभर."

"आणि गाणं म्हणाल तेव्हा?"

तो हातातला लोखंडी गोळा नुसता फिरवू लागला.

"माझ्यासमोर गाताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. मग हळूहळू घरात गाणं बंद कराल... मला न सांगता. ऐकू येणार नाही, पण कळेल मला."

नाही म्हणायला त्याने तोंड उघडले. पण खोटे बोलणे त्याला जमले नाही.

"एकदा गा," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला.

तो गाऊ लागला. खालचे स्वर हाताला लागत होते — उबदार, थरथरते. मग गाणे वर चढले, आणि हाताखाली काही उरले नाही. त्याचे डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताठ, ओठ उघडे... तिने हात अलगद काढून घेतला, आणि तो गात असतानाच ती जिना उतरू लागली.