टाकळा की कासविंदा?

“अहो, तो टाकळा सोडा... माझा प्रोजेक्ट आहे तो.”

खुडणारा हात थांबला. काशीगावच्या उतारावर बॉटनीच्या एम.एस्सी.साठी मी झुडपांना खुणेचे दोरे बांधलेले, आणि हा पठ्ठ्या त्यांची भाजी करायला निघालेला.

“जागा आमची आहे, मॅडम,” तो म्हणाला. मग दोरे दिसले, आणि बिचारा ओशाळला. “सॉरी हां. मी भावेश.”

“रसिका. सिल्व्हर पार्कला राहते.” चांगलंच फैलावर घेणार होते त्याला, पण तो हसला... आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

टाकळा आणि कासविंदा एकाच घराण्यातले, दोघांची फुलं पिवळी. कोण किती वाढतं, किती शेंगा धरतं, ते मी दर रविवारी मोजायची. भावेशही येऊ लागला. मदतीला म्हणे.

“हा कासविंदा?”

“टाकळा रे. पानं बघ, टोकाला गोल. कासविंद्याची टोकदार असतात.”

“आणि फुलं?”

“टाकळ्याची जोडीनं येतात... कासविंद्याची घोळक्यानं.”

“जोडी बरी,” फुलाकडे न बघताच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच चूक. इतका मठ्ठ विद्यार्थी मी पाहिला नव्हता, आणि इतकं आवडलंही नव्हतं मला कोणी. शेंगा वाळल्या की माझं इथं येणं संपणार होतं. हा काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघायची. हा आपला पानंच दाखवायचा.

शेवटी शेंगा वाळल्या, मोजणी संपली. तरी पुढच्या रविवारी मी गेलेच. भावेश फांदी घेऊन तयार. “हा कासविंदा ना?”

मागून त्याची आई, जिजाबाई, डबा घेऊन येत होत्या. “आरं, टाकळा हाय तो. ल्हानपणापासून तूच खुडून आणतोस, आन् आता वळखत न्हाय?”

भावेशचे कान लाल झाले. जिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा ठेवून गुपचूप खाली उतरल्या.

“रागावलीस?”

“हो. इतके रविवार घसा कोरडा केला मी.”

“ओळखलं असतं तर... तू पुन्हा कशाला समजावलं असतंस?” तो खाली बघत म्हणाला. “मला तू आवडतेस, रसिका. शेंगा वाळल्या, आता तू येणार नाहीस, तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता.”

“काम मागच्याच रविवारी संपलं माझं.”

“मग आज —?”

मी त्याच्या हातातली फांदी काढून घेतली.

“आज तुला बोलवायला आलेय. पुढच्या रविवारी घरी ये. आई-बाबांना तुझं नाव सांगितलंय मी.”