एक्केचाळिसावं पान

संपादकांकडून हस्तलिखित परत आलं की लेखिका ते तीन दिवस कपाटात चादरींखाली ठेवायची. रागाच्या भरात वाचलेला शेरा पचत नाही, हे ती पंधरा पुस्तकांत शिकली होती. चौथ्या दिवशी चहा घेऊन बसायचं. पटेल त्या शेऱ्यापुढे बरोबरची खूण, न पटेल तिथे फुली. फुल्या फार नसायच्या. संपादक खडूस होते, पण त्यांची नजर पक्की होती.

या वेळची कादंबरी मात्र तिच्या काळजाची होती. तिची ताई बारा वर्षांची असताना तापात गेली. आई कारखान्यात पाळीवर होती. नऊ वर्षांची धाकटी, म्हणजे ती स्वतः, अनवाणी डॉक्टरांकडे धावली, पण उशीर झाला. घरात सगळ्यांना हेच ठाऊक होतं आणि कादंबरीतही हेच होतं.

एक्केचाळिसाव्या पानावर लाल शाईत शेरा होता: ‘पेन्सिल चावणारी मुलगी फार वेळा वाचली आहे. काढा.’ ताई खरंच पेन्सिली चावायची, पण लेखिकेने मुकाट्याने बरोबरची खूण केली. त्याखाली, ‘ती धावत सुटली’ या वाक्यासमोर, पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘धावली?’

तिने फोन लावला.

“पेन्सिल?” संपादक म्हणाले. “बाई, तीस वर्षांत मी पेन्सिल धरलेली नाही. खोडता येईल असं मत मी देत नाही.”

असेल कुणा टंकलेखकाचा आगाऊपणा, म्हणून तिने शब्द खोडला. लाल शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त्या केल्या, घरच्या यंत्रावर नवी प्रत छापली आणि सवयीने चादरींखाली ठेवली. ही प्रत घराबाहेर गेलीच नव्हती.

चौथ्या दिवशी त्याच वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘रोलर राहिला.’

ती डॉक्टरांकडे निघाली त्या दुपारी कोपऱ्यावर रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. गरम डांबराचा वास, मागेपुढे जाणारा रोडरोलर. ती बघत उभी राहिली होती, किती वेळ ते देव जाणे. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि ते अक्षर! आधी लांबलचक रेघ ओढायची, मग तिला एकेक अक्षर टांगायचं. ताई असंच लिहायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून ती पान घेऊन संपादकांच्या कचेरीत गेली. संध्याकाळपर्यंत बसली. त्यांनी पान उलटसुलट पाहिलं, चष्मा काढला.

“कुणी लिहिलंय ते मला विचारू नका,” ते हळूच म्हणाले. “पण शेरा बरोबर आहे. त्या पानावर तुम्ही खोटं बोलताय, हे मलाही जाणवलं होतं. कुठे, ते सापडत नव्हतं.”

रात्रभर ती तळमळली. खरं लिहावं तर आईला कळणार. आईची दृष्टी गेल्यापासून प्रत्येक पान तिला वाचून दाखवायचं, हा घरचा नेमच होता. ‘माझी धाकटी जिवाच्या आकांताने धावली,’ एवढ्या एका आधारावर म्हातारीने चाळीस वर्षं काढली होती.

सकाळी तिने पान पुन्हा लिहिलं. रोलरसकट.

आईच्या पलंगाशी बसून तिने ते वाचलं. शेवटी तिला रडू कोसळलं.

आईने चाचपडत लेकीचा हात धरला. “रडतेस काय वेडे? नऊ वर्षांचं पोर तू. घरी ठेवून तर मीच गेले होते. आणि मी कालच सांगितलं ना, माझ्या मनात काही नाही म्हणून.”

“काल?”

“काल दुपारी हेच वाचून दाखवलंस की. रोलरचं.”

“आई, मी काल दुपारी घरी नव्हते. हे तर आज सकाळी लिहिलंय.”

“असं काय करतेस? इथेच बसली होतीस. आवाज जरा बारीक वाटला. म्हटलं, घसा धरला असेल.”

लेखिकेने हातातलं पान खाली ठेवलं.

“हे घे,” आईने उशीखाली हात घातला. “आत्ताच सापडली. विसरून गेलीस.”

बोटभर उरलेली पेन्सिल होती. चावून चावून तिचं टोक चपटं झालं होतं.

ते अजून ओलं होतं.