हांड्यांचं मुसळ

काळकुंभ गडाच्या पूर्वकड्यावर नवमीची पहाट उजाडली, दरीतलं धुकं तटाच्या पायथ्याशी दुधासारखं उतू आलं, आणि त्या धुक्यातून वेढा घालून बसलेल्या हैबतखानाच्या छावणीचे झेंडे तेवढे वर डोकावू लागले, तेव्हा गडाचे किल्लेदार, राजमान्य राजश्री दौलतराव हांडे, मिशांना तूप लावीत बसले होते. वेढ्यामुळे गडावरचं तूप संपत आलं होतं. मिशा काही संपत नव्हत्या.

त्यांची धाकटी बहीण मैनाबाई उंबऱ्यात उभी राहून हा सोहळा बघत होती.

"दादासाहेब, एक अर्ज आहे."

"कालचाच ना?"

"कालचाच. आज खंडेनवमी. गडावरचं झाडून सगळं हत्यार देवीपुढे जाणार, आणि उद्या शिलंगण होईस्तोवर त्याला कुणी शिवायचं नाही, ही आपली चाल. निदान निम्मी शिबंदी तरी हत्यारबंद राहू द्यावी."

"खानानं नारळ आणि विडे पाठवलेत. 'सण निर्धास्त साजरा करा' असा शब्द दिलाय त्यानं!"

"नारळ धाडायला असा कितीसा शब्द लागतो?"

तो शब्द छावणीतून घेऊन आलेले किल्लेदारांचे मेहुणे, जैतोजी, शेजारीच पान चघळत होते. ते मोठ्या मायेनं हसले. "आक्कासाहेब, हांड्यांच्या कुळात जन्मून असलं भय? ज्यांच्या पणजोबांनी ऐनवेळी हाती लागलं ते मुसळ उचलून सात जण लोळवले, त्यांनी तयारीच्या गोष्टी कराव्यात?"

"वाहवा!" दौलतराव फुलले. "तयारी भित्र्यांनी करावी, मैना. तहान लागल्यावर आम्ही विहीर खणतो, आणि आम्हाला पाणी लागतं!"

झालं. मुसळ निघालं की बोलणं संपलं.

हे मुसळ म्हणजे हांड्यांचा देव्हारा. पणजोबा निंबाजी हांडे एकदा शत्रूच्या घरी मेजवानीला गेले, तलवारी दाराशी ठेवून घेतल्या गेल्या, भर पंगतीत दगा झाला, आणि निंबाजींनी म्हणे मुदपाकखान्यात धाव घेऊन उखळातलं मुसळ उपसलं! तेव्हापासून दर नवमीला तलवारींच्या मधोमध हे मुसळ पालखीत बसे, आणि एकूण एक हांडा 'ऐनवेळी सुचतं' या बोलीवर जन्मभर लोळत राही. मुसळ बायकांचं, म्हणून त्याला तेल लावायचं बायकांनी. पुरुषांनी नुसता लांबून नमस्कार करायचा. त्यामुळे घराण्यातल्या एकाही मर्दानं ते कधी उचलून पाहिलं नव्हतं.

मैनेनं पाहिलं होतं. लहानपणी तेल लावताना त्याच्या बुडाला ठोकलेली लोखंडी कडी, वसवी, निसटली आणि आतून काळंभोर शिसं चमकलं. मुसळ पोखरून ओतीव शिशानं भरलेलं! असल्या मुसळानं कुणी दाणे कांडत नाही, खांदे उखडतील. निंबाजींना ते 'हाती लागलं' नव्हतं. त्यांनी ते घरी घडवलं होतं, आणि मेजवानीच्या आधीच कुणाकरवी तरी त्या मुदपाकखान्यात पोहोचतं केलं होतं. ती हे सांगायला गेली, तर दादासाहेब म्हणाले, "बायकांनी नाचणी कांडावी, इतिहास कांडू नये."

मग तिनंही सांगणं सोडलं. त्यापेक्षा वेढा पडल्यापासून ठकू लोहारणीच्या भात्यावर महादरवाजाकडच्या घराघरातलं मुसळ एकेक करून जाऊन आलं, आणि परत येताना दुप्पट जड होऊन आलं.

नवमीच्या दुपारी देवीपुढे हत्यारांची रास लागली. तलवारींना झेंडूच्या माळा, भाल्यांना हळद, आणि मधोमध पालखीत ते मुसळ. "दरवाजांची काळजी नको, आरती होईस्तोवर मी आहे," असं म्हणून जैतोजींनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. दौलतरावांनी त्यांना मिठी मारली. मैनेला शिसारी आली.

महादरवाजाच्या फळीतली ये-जा करायची दिंडी एवढी ठेंगणी, की येणाऱ्याला मान तुकवूनच आत यावं लागे. तुकवलेल्या मानेसाठी मुसळ पुरेसं होतं. म्हणून नैवेद्याचं कांडण तिनं मुद्दाम दिंडीच्या दोन्ही अंगांना मांडलं होतं. देवळाकडे जाणारे शिपाई बायकांना बघून दात काढत गेले.

"काय गं ठके, खानाला भाकरी थापून घालतेस का?"

"तुझ्या तेराव्याची तयारी करतेय, मेल्या. चालता हो!"

संबळ वाजला, ढोल-ताशे घुमले, आरती सुरू झाली. दिंडीकडे कोणीच आलं नाही. आणि एकाएकी गडाच्या पश्चिम टोकाला, पाण्याच्या टाक्यामागून, टिटव्यांचा थवा ओरडत उठला.

मैना ताडकन उठली. टाक्यामागे चोरदिंडी! चिणूनच टाकल्यासारखी, कुणाच्या ध्यानीमनी नसलेली. तिच्याही नव्हती. दादाला मनातल्या मनात हसता हसता ती स्वतः एकाच दाराची तयारी करून बसली होती. मुसळ केरात!

"ठके, सगळ्यांना घेऊन टाक्याकडे पळ! मी माणसं आणते."

ती देवळात घुसली. "चोरदिंडी! गनीम!" पण त्या ढोलांपुढे तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू येईना. दादासाहेबांचा दंड धरून हलवला, तर भक्तीनं डोळे मिटलेल्या दादासाहेबांनी तिला माशीसारखं झटकलं. आता यांना हलवावं कसं? यांना गड गेलेला कळणार नाही. काय गेलेलं कळेल?

तिनं झेप घेतली, पालखीतलं मुसळ खांद्यावर टाकलं आणि देवळाबाहेर पळाली.

ढोल थांबले. एकच गिल्ला उठला. "मुसळ बाटवलं! धरा तिला!" गनिमासाठी जे उठले नसते ते तीनशे हांडे आणि त्यांचे पाईक त्या मुसळामागे, शिव्यांची लाखोली वाहत, अनवाणी धावत सुटले, आणि ती खांदा मोडेस्तोवर धावत, एकदाही मागं न बघता, त्यांना सरळ टाक्याकडे घेऊन आली.

चोरदिंडीतून खानाचे पाच जण आत शिरले होते. ठकू आणि तिच्या बायांनी त्यांना कातळाशी रेटलं होतं. जैतोजी दार धरून "चला, चला," असं पाहुण्यांना पंगतीला बोलवावं तसं बोलावत होते. सहावं डोकं वाकून आत आलं. मैनेनं मुसळ उचललं नाही, नुसतं सोडलं. बाकीचं शिशानं केलं.

मागून शिव्या देत आलेल्या जमावानं ते पाहिलं आणि शिव्यांचा रोख फिरला. धोंडे उचलले गेले, दार लोटलं गेलं, अडसर पडला. आत अडकलेल्या पाचांनी हत्यारं टाकली.

धापा टाकत दौलतराव पुढे आले. "आण ते इकडे, करंटे!" म्हणत त्यांनी तिच्या हातून मुसळ हिसकलं, आणि त्या भारानं गुडघ्यावरच आले.

"हे… हे एवढं जड?"

"आत शिसं आहे, दादासाहेब. पणजोबांनी आधीच भरून ठेवलं होतं."

दौलतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नाहीसं बघून त्यांनी मिशीवरची माती पुसली.

"जैतोजीचा कडेलोट करा!" ते गरजले.

"नको," मैना म्हणाली. "तो कडा फार उंच आहे. यांना शोभायचा नाही. आले तसे जाऊ द्या."

जैतोजी त्याच ठेंगण्या चोरदिंडीतून, मान तुकवून, ज्या खानानं त्यांना किल्लेदारी कबूल केली होती त्याच्याकडे रिकाम्या हातानं गेले. पावसाळ्याच्या तोंडावर खानानं वेढा उठवला. हुजुरातून दौलतरावांना प्रसंगावधानाबद्दल सोन्याचं कडं आलं. मैनेला लुगडं आलं.

पुढच्या नवमीला गोंधळ्यांनी नवा पोवाडा म्हटला: हांड्यांच्या लेकीनं ऐनवेळी, हाती लागलं ते मुसळ उचलून! दौलतराव डुलत होते. कडं चमकत होतं. पोवाड्यात शिसं कुठंच नव्हतं.

"आक्कासाहेब, सांगा की तुम्ही खरं काय ते," ठकू कानाशी कुजबुजली.

"कुणाला? ह्यांना?" मैनेनं समोरच्या डुलणाऱ्या पागोट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पदर खोचला. "तुझा भाता पेटलेला आहे ना? चल. चोरदिंडीच्या शेजारच्या घरांची मुसळं राहिलीत."