उलट्या बटणपट्टीचा शर्ट

"...आणि मंडळी, नेमक्या ह्याच शर्टाच्या वेळी कॅमेरा उलटा लागला होता!"

मी मशीनवर वाकून पोलक्याची बाही जोडत होते. पायडलवरचा पाय थांबला. कॅमेरा उलटा? काय वाट्टेल ते!

मान वर करून बघते तर आमच्या दुकानाच्या ओट्यासमोर सात-आठ परकी माणसं. नाशकाच्या गाडीने आलेली, पायात बूट, एकीच्या हातात थर्मास. आणि त्यांच्यापुढे छत्री नाचवत उभा मुनाफ. कल्हईवाल्या रफीकचाचांचा मुलगा. तोंडओळख होती, बोलणं कधी झालं नव्हतं.

सांगायचं म्हणजे, आदल्या वर्षी आमच्या जव्हारला सिनेमावाले येऊन गेले होते. सिनेमाचं नाव सांगत नाही, हसाल. तलाव, राजवाड्याची चढण, बाजारातली गल्ली, जिथं जागा मिळेल तिथं त्यांनी नाचून घेतलं. पुढे तो सिनेमा गावात तंबूत लागला, तेव्हा हिरोकडे कुणी बघितलंच नाही. "अरे, तो आपला म्हशींचा उतार!" "अगं बाई, ती धुण्याची पायरी!" असा कालवा, की गाणं कुणाला ऐकू आलं नाही. बाहेरगावी मात्र सिनेमा बरा चालला आणि रविवारी माणसं जागा बघायला यायला लागली. शूटिंगमध्ये मुनाफ चंदेरी कागद लावलेल्या पाट्या धरून उभा असायचा, हिरॉइनच्या तोंडावर उजेड पाडायला. तेवढ्या भांडवलावर तो गाईड झाला.

"हिरोचा शर्ट मारामारीत फाटला," तो सांगत होता, "दुसरा इथं शिवला. गाण्याचं दुसरं कडवं नीट बघा, बटणं उलट्या बाजूला! का? तर कॅमेरामन साहेब हिरॉइनला बघून असे भुलले, की—"

"कॅमेरा उलटा नव्हता!" मी आतून ओरडले. "बटणपट्टी उलटी होती!"

सगळ्या माना वळल्या. आता माघार कशी घेणार? मी उठून ओट्यावर आले.

"अब्बा त्या दिवशी हातमशीन घेऊन मोखाड्याच्या बाजारला गेले होते. सिनेमावाला धावत आला, दुपारच्या आत शर्ट पाहिजे म्हणून. मी आजवर शिवली ती पोलकी नि कुर्ती. बायकांची उजवी पट्टी वर येते, पुरुषांची डावी. हाताला सवय ज्या बाजूची, त्या बाजूला काजबटण झालं. कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवता?"

थर्मासवाली बाई खो खो हसली. मुनाफ आ वासून माझ्याकडे बघत होता. मग तोही हसला — डोळ्यांनी आधी, तोंडाने नंतर.

"ऐका मंडळी, खरं सांगणारी सापडली! बाईसाहेब, एकदा परत सांगता? मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी फणकाऱ्याने तोंड फिरवलं.

"अंहं... चेहरा जरा इकडे... रिटेक!"

मेला! मी आत येऊन मशीन असं जोरात हाणलं की दोरा तुटला. आणि मग... मग मी एकटीच हसत बसले.

त्यानंतर दर रविवारी तो माणसं घेऊन ओट्यासमोर यायचा. "आता पुढची गोष्ट खुद्द बाईसाहेबांच्या तोंडून!" मी आधी नाही म्हणायचे, मग सांगायचे. सांगून झालं की तोंड फिरवायचं, की लगेच त्याचं "रिटेक!" पुढे पुढे त्यासाठीच तोंड फिरवायला लागले. शनिवारी मशीन दाराजवळ सरकवायचं, कारण विचारलं तर आत उजेड कमी पडतो म्हणायचं.

"इतकी वर्षं पडत होता तो?" अब्बा म्हणायचे. माझे अब्बा, शरीफ मास्तर. चष्म्यावरून बघायची त्यांची खोड होती आणि तिथून त्यांना सगळं दिसायचं.

रविवार आला की बरं वाटायचं, सोमवार उजाडला की काही सुचायचं नाही. गल्लीत छत्रीची काडी वाजली तरी जीव वर यायचा. एकदा भर पावसात तो एकटाच ओट्यावर चढला, नखशिखांत भिजलेला.

"छत्री आहे ना हातात? उघडायला काय होतं?" मी म्हटलं.

"ही दाखवायची छत्री आहे. उघडत नाही."

"मग इथं कशाला आलात?"

"पाऊस थांबेपर्यंत..."

"आणि पाऊस थांबला की?"

"थांबू नये, म्हणून तर..." तो बोलायचा थांबला आणि पागोळ्यांकडे बघत बसला. मीही काज करत बसले. एकच काज, उसवून पुन्हा पुन्हा.

पण एक काटा होताच. मुनाफ बोलण्यात बहाद्दर. ठाण्याच्या लोकांना सांगायचा, हिरो ह्या झाडावरून पडला. नाशकाच्या लोकांना सांगायचा, ह्याच झाडावरून हिरॉइनने उडी मारली. खालच्या पाड्यावरची हौशी आमच्याकडे पोलकी शिवायला टाकायची. ती एक दिवस लाकडाची मोळी टेकवून बसली आणि म्हणाली, "तो छत्रीवाला नाय का तुझा? त्या थर्मासवाल्या बाईला सांगत होता, तुमच्यासारखं डोळं हिरॉइनला पन नव्हतं. मी ऐकला."

"सांगू दे की. मला काय त्याचं?"

"तुला काय त्याचं, तर मग ही बाही उलटी का जोडलीस?"

बघितलं तर खरंच उलटी. मी बाही उसवायला घेतली आणि डोळ्यांत पाणी आलं. जे तो मला म्हणतो, तेच सगळ्यांना म्हणत असेल तर? ज्याचा धंदाच गोष्टी सांगायचा, त्याचं खरं कुठलं आणि मसाला कुठला, हे मी कसं ओळखायचं? मला तो हवा होता. अगदी स्वच्छ सांगते, हवा होता. म्हणूनच फसायची भीती वाटत होती.

दिवाळीनंतर सिनेमा जुना झाला. माणसं रोडावली. अन् एक दिवस मुनाफ आकाशी टेरीकॉटचं कापड घेऊन आला, अब्बांपुढे ठेवलं. "मास्तर, शर्ट टाकायचाय. मुंबईला चाललोय. त्या युनिटच्या लाईटवाल्याने बोलावलंय."

अब्बा त्याचं माप घेत होते. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा काही केल्या सुईत जाईना.

"कधी?" मी विचारलं.

"सोमवारी, पहिल्या गाडीने."

आदल्या रविवारी नाशकाच्या गाडीतून कुणीच उतरलं नाही. मी हौशीला बरोबर घेऊन चढणीवरच्या राबियाखालांची कुर्ती पोचवायला निघाले होते, तर हा ओट्याखाली उभा. छत्री काखेत.

"आज पाहुणे नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही आमची सफर कधी केलीच नाहीत, बाईसाहेब. जाता जाता दाखवू?"

मी अब्बांकडे बघितलं. ते चष्म्यावरून म्हणाले, "हौशी आहे ना बरोबर? दिवस मावळायच्या आत ये."

"एक अट," मी मुनाफला म्हटलं. "आज मसाला नाही. एक शब्द खोटा बोललात, तर तिथूनच माघारी."

त्याने मान डोलावली.

तलावाच्या पायऱ्यांवर तो थांबला. रोज जिथं हात पसरून आरडाओरडा करायचा, तिथं हळूच बोलायला लागला.

"इथं हिरॉइनचं गाणं झालं. मी पाटी धरून उभा होतो. उजेड तिच्या तोंडावर पाडायचा होता. बघ्यांच्या गर्दीत एक मुलगी होती, हिरव्या ओढणीतली. माझी पाटी सरकली... आणि उजेड तिच्या तोंडावर पडला. सगळं युनिट माझ्यावर ओरडलं."

मला आठवलं! झळझळीत उजेड, डोळे दिपलेले, आणि मी कुणालातरी चांगली खमकी शिवी दिलेली. "ते तुम्ही?"

"शिवीही आठवते. सांगू?"

"नको!"

पुढे बाजाराच्या वळणावर त्याने छत्री भजीच्या दुकानाकडे रोखली. "इथं मी हौशीला विचारलं, ती मुलगी कोण. हिने नाव सांगायला भजी मागितली."

"खरा हाय," मागून हौशी म्हणाली. "थंडगार भजी होती."

"आणि तो तुमचा ओटा." त्याचा आवाज खाली आला. "पट्टी उलटी आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. हिरो माझ्यासमोरच बटणं लावताना वैतागला होता. तरी मी ओट्यासमोर येऊन कॅमेरा उलटा, कॅमेरा उलटा, म्हणून बोंबलायचो. कोणाचं तरी डोकं फिरेल आणि ते बाहेर येईल म्हणून. कितीतरी रविवार मशीनच्या खडखडाटात तुम्ही मानच वर केली नाहीत."

मी कुर्तीचं गाठोडं छातीशी धरून चालायला लागले. बोललेच असते तर रडले असते.

राबियाखालांची कुर्ती दिली आणि आम्ही हनुमान पॉइंटला आलो. खाली दरी, लांबवर डोंगरावर डोंगर, वाऱ्याने ओढणी डोक्यावर ठरेना. हौशी मागेच एका धोंड्यावर बसली, पाठ आमच्याकडे करून.

"इथं काय झालं?" मी विचारलं. "पाहुण्यांना तर सांगता, इथंच हिरोने—"

"इथं काहीच झालं नाही. वारा फार, म्हणून कॅमेरे इकडे आलेच नाहीत. ही जागा कोरी आहे." तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत होता. "अकिला, कल्हईवर आता घर चालत नाही. जावं लागतंय. पण मी परत येईन... थांबशील?"

किती महिने हेच ऐकायचं होतं मला! आणि तोंडातून निघालं काय? "त्या थर्मासवाल्या बाईलाही तू डोळ्यांचं..."

"म्हटलं होतं. धंद्याचं बोलणं ते." त्याचा चेहरा पडला. "आजचं तसं नाही. पण ते तुला कसं पटवू? मला बोलण्याशिवाय काही येत नाही."

मी त्याला कधी 'तू' म्हणायला लागले, ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. "शर्ट सकाळी गाडीवर मिळेल," एवढंच म्हणाले आणि वळले. त्याने रिटेक म्हटलं नाही.

घरी आल्याबरोबर मी शर्ट पुढ्यात घेतला. अब्बांनी शिवून ठेवला होता, काजबटण तेवढं राहिलं होतं. मी ते उजव्या पट्टीला काज पाडून केलं. जाणूनबुजून, एक एक टाका मोजून-मापून.

अब्बांनी शर्ट उचलला, पट्टी बघितली, मग मला बघितलं. "पुन्हा?"

"पुन्हा."

पट्टी आत जाईल अशी घडी घालून त्यांनी शर्ट पेपरात बांधला आणि सकाळी स्वतःच गाडीवर देऊन आले. मी गेले नाही. गाडीचा हॉर्न मात्र घरात ऐकू आला.

तो गेला आणि गल्ली सुनी झाली. कधी रविवारी चुकून चार माणसं यायची, गाईड कुठंय विचारायची. मीच ओट्यावरून त्यांना शर्टाची गोष्ट सांगायचे. सांगून झालं की सवयीने तोंड फिरवायचे... आणि मागून काहीच ऐकू यायचं नाही. करवंदं आली नि संपली. नजमाखालांनी भिवंडीचं स्थळ आणलं, मुलाचा पॉवरलूम, घर पक्कं. अम्मी मागे लागली. "ईद होऊ दे," मी म्हटलं. "कुणाची वाट बघतेस?" तिने विचारलं. काय सांगणार होते? त्या माणसाला मी धड होसुद्धा म्हटलं नव्हतं. त्याने शर्ट उघडून कपाळाला हात लावला असेल, पहिल्याच शिंप्याकडून पट्टी फिरवून घेतली असेल, आणि आता मुंबईतल्या कुणाला तरी डोळ्यांच्या गोष्टी सांगत असेल, असं मनात यायचं आणि अन्न गोड लागायचं नाही.

ईदच्या आधीचा रविवार. कपड्यांचा ढीग, मान वर करायला फुरसत नाही.

"ताई, त्या सिनेमात कॅमेरा उलटा लागला होता म्हणे?"

मशीन थांबलं.

ओट्याखाली तो उभा होता. वाळलेला, रापलेला. अंगात आकाशी शर्ट. आकाशी कसला, धुऊन धुऊन पांढरट झालेला. शिंप्याच्या मुलीला माणसाच्या आधी कापड दिसतं. कॉलर झिजलेली. माझी दोन बटणं तुटून गेली होती, त्यांच्या जागी दुसरी लावलेली, एक तपकिरी, एक काळं, जाड्या दोऱ्याने, पुरुषाच्या अडाणी हाताने ओढून ओढून. पण सगळी डाव्याच बाजूला. काज उजव्या पट्टीवर, मी पाडलेलं, तसंच.

"मुंबईत शिंपी नव्हते?" मी विचारलं. "पट्टी फिरवून घ्यायला?"

"एक-दोघे म्हणाले, फिरवून देतो." त्याने शर्टावरून हात फिरवला. "युनिटमध्ये सगळे मला 'लेडीज' म्हणून हाक मारतात. 'ए लेडीज, लाईट इकडे घे!'"

"मग?"

"मग काय? लाईट तिकडे घेतो." तो नेहमीसारखं काहीतरी झकास बोलायला गेला, आणि जमलं नाही. "अकिला... आई आत अम्मींपाशी बसलीय. मागच्या दाराने आली. आता तू म्हणशील ते."

माझे डोळे भरून आले. मी तोंड फिरवायला लागले आणि तशीच थांबले. सरळ त्याच्याकडे बघितलं. भर बाजारात, भर दिवसा, डोळे न पुसता.

"शर्ट काढून दे," मी म्हटलं. "बटणं किती घाणेरडी लावलीयत. नीट लावून देते."

"कुठल्या बाजूला?"

"आहेत त्याच," मी म्हटलं, आणि सुईत दोरा ओवला.