बुधवारचे एकशे नव्वद किलोमीटर

पारोळ्याच्या स्टँडबाहेर दिपमाला धुळ्याच्या बसची वाट बघत होती. समोर एका पांढऱ्या गाडीने वेग घेतला आणि — खाड्! — असा धक्का दिला, की मागच्या सीटवरच्या आबांची टोपी पुढे जाऊन पडली.

टोपीसाठी गाडी थांबली. दिपमाला काचेशी वाकली.

“दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना धक्का मारते ना?”

स्टिअरिंगवरच्या तेजसने, आबांच्या नातवाने, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे, मग पुन्हा तिच्याकडे — या खेपेला जरा जास्तच वेळ.

“तुम्हाला कसं कळलं?”

“ऐकू आलं. धुळ्यात गाड्यांचं ट्यूनिंग करते मी.”

“बैस पोरी,” आबा टोपी झटकत म्हणाले. “धुळ्यालेच चाल्लो आम्ही. माही मान मोडायच्या आत हिचं काही तरी कर.”

गॅरेजात तिने गाडीला लॅपटॉप जोडला.

“ऑटोमॅटिक गिअर बदलतो, त्या क्षणी इंजिनाने जोर थोडा कमी करायचा असतो. आधीच्या मालकाने गाडी चपळ वाटावी म्हणून ते बंदच करून टाकलंय.”

“मग चालू करा.”

“जोर किती कमी करायचा, हेच तर काम. कमी केलाच नाही तर धक्का… फार कमी केला तर गाडी जांभई देत गिअर बदलते.”

“मला जांभई चालेल. तुम्ही शेजारी बसून मोजणार असाल तर—”

“आबा मागे आहेत,” ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

महामार्गावर फेरी, आकडा थोडा वर, पुन्हा फेरी. चौथ्या फेरीला आबांच्या हातातल्या ग्लासातलं ताक हललंसुद्धा नाही. तरी तिने स्टिअरिंगखाली एक छोटा रेकॉर्डर लावला. “आठवडाभर चालवा. सगळं नोंदलं जातं यात.”

यातलं ‘सगळं’ तेजसने ऐकलंच नाही. तो तिची वेणी बघत होता.

पुढच्या रविवारी तो एकटाच आला, चेहरा पाडून. गाडी बरी झाली म्हटलं, की धुळ्याला यायचं कारण संपलं. जळगावच्या केळीबागेतल्या माणसाला इथे दुसरं काय काम? हे त्याने वाटेतच जोखलं होतं.

“धक्का आहे अजून. रोज. फार.”

दिपमालाने नोंदी उघडल्या. “आठवड्यात एकही नाही.” मग ती थबकली. “बुधवारी मात्र एकशे नव्वद किलोमीटर… मध्ये चाळीस मिनिटं गाडी उभी, इंजिन चालू. कुठे गेला होतात?”

तेजस छताच्या पत्र्याकडे बघू लागला.

“जळगाव ते धुळे आणि परत, एवढंच होतं ना?”

“…समोरच्या निंबाखाली उभा होतो.”

“आत का नाही आलात?”

“गाडीला काही झालंच नव्हतं. काय सांगणार होतो?”

ती हसली नाही. वाकून तिने रेकॉर्डर काढला आणि तळहातावर धरून बघत राहिली.

“हा लावायची गरज नव्हती,” ती हळूच म्हणाली. “गाडी चौथ्या फेरीलाच नीट झाली होती. पण… हा परत द्यायला तुम्हाला यावं लागलं असतं ना.”

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. दोघांनी ऐकला नाही.

“मग पुढच्या रविवारी…?” तेजसने अंदाज घेतला.

“या. आबांनाही आणा.”

“गॅरेजात?”

“घरी,” दिपमाला म्हणाली.