श्वासाची राखण

“अहो... अहो, उठा ना!”

शवासनात शांत पहुडलेल्या त्या दालनात एवढा एकच आवाज झाला आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. शेजारच्या चटईवरच्या परक्या माणसाचा खांदा ती गदागदा हलवत होती. इतका वेळ तो बारीक घोरत होता. मग घोरणं थांबलं, छाती हलेना... आणि तिला राहवेना.

त्याने एक डोळा उघडला. “काय झालं? आग लागली?”

“तुमचा... तुमचा श्वास...”

“आहे की! हा बघा.” त्याने तो जोरात सोडूनच दाखवला. “शवासनात खरोखरचं शव व्हायचं नसतं, एवढं कळतं मला.”

सगळे हसले. तोही हसला – पण तिची बोटं अजून आपल्या खांद्यात रुतलेली दिसली, तसा उठून बसला.

वर्ग सुटल्यावर तो जिन्यात थांबला होता. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता.

“मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली. आडवा झालो की लागलाच डोळा. तुम्ही?”

“दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे.”

“म्हणजे लोकांना तोंड उघडायला सांगता?”

“आणि गप्प बसायलाही,” ती म्हणाली, आणि आपण हे बोललो कसं, म्हणून स्वतःच लाजली.

तिची भीती जुनी होती. एका दुपारी बाबा पेपर छातीवर ठेवून झोपले. शेजारच्या खोलीत ती कपड्यांना इस्त्री करत होती. झोपलेत, म्हणून तिने हाकही मारली नाही... ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आईचा डोळा लागला, की हिचं बोट आईच्या नाकाशी. आई वैतागायची. “अगं, झोपलेय मी, गेले नाही! जाईन तेव्हा सांगून जाईन!” शेवटी आईनेच तिला योगाच्या वर्गात पिटाळलं होतं.

मग रोज वर्गानंतर चहा होऊ लागला. काम संपलं, की लिफ्टवाला फोनवर दोनच शब्द पाठवायचा – ‘श्वास चालू.’ ती हसायची. पण ते दोन शब्द यायला उशीर झाला, की ती पुन्हा पुन्हा फोन उघडून बघायची. एक दिवस ते आलेच नाहीत. रोग्याच्या तोंडातली नळी तिच्या हातून दोनदा निसटली, डॉक्टर खेकसले.

संध्याकाळी तो दवाखान्याच्या दारात उभा. “चार्जिंग संपलं हो. एवढ्या पांढऱ्याफटक का पडलात?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मला... तुमच्याबरोबर राहायचंय. कायमचं.”

“नको!” ती जवळजवळ ओरडलीच. “एका आईचा श्वास राखता राखता माझा जीव अर्धा होतो. आणखी एकाचा कुठून राखू?”

दुसऱ्या दिवसापासून त्याची चटई रिकामी राहिली.

योगाच्या बाई चटया गुंडाळत होत्या. ती त्यांच्यापाशी जाऊन बसली. “बाई, मला डोळेच मिटता येत नाहीत. हा मार्ग माझा नव्हे.”

“ह्या भीतीला योगशास्त्रात अभिनिवेश म्हणतात. जगण्याला चिकटून राहणं. भल्याभल्यांना सुटत नाही ते.” बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “नको मिटूस डोळे. श्वासावर मन टिकावं म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडतात, ते तुला आपसूक जमतं. फक्त तू राखणदार होऊन बसतेस गं. साक्षी होऊन बस. श्वास तुझ्या पहाऱ्यावर चालत नाही, बाळ. ज्याने दिला, तो चालवतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली. ती शेजारी बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आईचा श्वास बाहेर गेला... आणि मग काहीच नाही. त्या एवढ्याशा फटीत सगळी भीती मावली होती. बोट उचलावंसं वाटलं. तिने नाही उचललं. ‘तुझं आहे, तू बघ,’ एवढंच मनात म्हणाली. आणि श्वास आला. आपला आपण आला! तिच्या गालांवरून पाणी ओघळलं.

मग तिने तोच नेम धरला. मंत्र नाही, मिटलेले डोळे नाहीत... हात मांडीखाली आणि नजर श्वासावर. भीती गेली नाही. शेजारी येऊन बसायची, पण हात धरून ओढायची नाही.

एका सकाळी ती चौकशी करून, त्याचं काम चालू होतं त्या इमारतीत गेली. लिफ्टचं दार उघडं, आत नुसता काळोख. आडव्या लावलेल्या दांडीशी ती खाली बसली.

“अहो लिफ्टवाले!”

“कोण?” खोल खालून आवाज आला. “तुम्ही? मागे सरका आधी! मी आलोच वर. मग बोलू.”

“नाही. वर आल्यावर नाही.” वर कुठेतरी दोर करकरला. तो सुखरूप वर आलेला दिसला, की कुणीही बोलेल... “आत्ताच सांगते. त्या दिवशी विचारलंत ना? हो.”

खाली काहीतरी खणकन आपटलं, आणि मग काहीच नाही. बराच वेळ. तिने दोन्ही हात मांडीखाली सरकवले. तिने हाक मारली नाही, नुसती बसून राहिली.

मग काळोखातून हळूच आवाज आला –

“अहो... हातातला पाना पडला माझ्या. पुन्हा एकदा म्हणता?”